लूप चाळीस, गाणं एकही नाही: फोनवरच्या सिक्वेन्सरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. ४ जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन, त्यात एक सिक्वेन्सर ॲप (चौकोनांत टिंबं टाकून ठेका आणि सूर लिहायचं) आणि तीन महिन्यांची मेहनत. हाती काय, तर चाळीसेक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे, प्रत्येक आठ सेकंदांचा. पूर्ण गाणं एकही नाही. वर आणखी दोन तक्रारी. बोटांनी पॅड (पडद्यावरचे वाजवायचे चौकोन) वाजवले की सगळं मागे पडतं, त्यामुळे आपल्या हातात लयच नाही अशी शंका यायला लागली आहे. आणि फोनवर छान वाटणारा ट्रॅक मित्राच्या गाडीत लावला तर नुसता घुमला, सूर कुठे गेले कळेना. शेवटी विचारलंय, "हे फोनवर जमतच नाही का? लॅपटॉप घेऊ का?"

लॅपटॉपचं शेवटी बोलू. आधी एक गोष्ट वेगळी काढतो: हे एक दुखणं नाही, तीन आहेत. लय मागे पडते ते बहुधा इअरफोनमुळे. गाडीत घुमतं ते फोनच्या स्पीकरवर विश्वास ठेवल्यामुळे. ही दोन्ही दुखणी एका संध्याकाळीत बरी होतात. लूपचं गाणं होत नाही हे मात्र तुमच्या फोनचं दुखणं नाही, आणि लॅपटॉप घेतलात तर तेच चाळीस लूप मोठ्या पडद्यावर होतील.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो. मी मूळचा ऑक्टोपॅडवाला. आधी बेंजो पार्टी, मग ऑर्केस्ट्रा, आणि गेली काही वर्षं एकांकिका आणि लघुपटांचं पार्श्वसंगीत. त्यातलं निम्मं काम कर्जत लोकलमध्ये, खिडकीची जागा मिळाली तर, फोनवरच झालंय. त्यामुळे माझं सगळं सांगणं ठेक्याच्या बाजूने झुकलेलं असणार. ज्यांना ठेका नसलेलं, नुसतं तरंगत जाणारं संगीत करायचंय त्यांना यातलं थोडंच लागू पडेल.

आधी हाताच्या लयीचं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमचा इअरफोन ब्लूटूथचा असणार अशी मी पैज लावतो. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्याचे चार भाग केले की सिक्वेन्सरचा एक खण १२५ मिलिसेकंदांचा होतो. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज कानापर्यंत यायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे तुम्ही बरोबर समेवर मारलेली थाप तुम्हाला ऐकू येते ती पुढचा खण सुरू झाल्यावर. मग तुम्ही नकळत घाई करता, आणि रेकॉर्ड झालेलं ऐकलं की तिसरंच काही निघतं. कसलेल्या तबलजीच्या कानाला असा इअरफोन लावला तर तोही अडखळेल. व्हिडिओ बघताना हा उशीर जाणवत नाही, कारण तिथे प्लेअर चित्रही तेवढंच मागे ओढतो. तुमच्या बोटाला मागे ओढणारं कुणी नाही.

वायरचा इअरफोन घ्या. फोनला जुनं गोल भोक नसेल तर यूएसबी-सीचं छोटं कनेक्टर मिळतं. त्यानंतर ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर (एका वेळी किती आवाज साठवून मग बाहेर सोडायचा तो आकडा) नावाची जागा शोधा. ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक नमुने, दर सेकंदाला जातात, तेव्हा १०२४चा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद आणि २५६चा म्हणजे साधारण ५. वाजवताना बफर लहान ठेवा, आवाज तडतडायला लागला की एक पायरी वर न्या. अँड्रॉइडवर पडद्याचा आणि बाकी यंत्रणेचा उशीर उरतोच, तो किती ते फोनवर अवलंबून. पण लय हातात नाही ही शंका तोवर बाजूला ठेवा.

आणि खरं सांगायचं तर पॅड वाजवायलाच हवेत असं कुठे आहे? खणात टिंब टेकवताना उशिराचा प्रश्नच येत नाही. रोलंडने १९८० साली टीआर-८०८ हे ड्रम मशीन काढलं, त्यात एका ओळीत सोळा बटणं होती आणि एकेक दाबून ठेका लिहायचा. तुमच्या ॲपमधली सोळा चौकोनांची ओळ त्याच घराण्यातली. ती बोटांच्या तयारीसाठी नव्हे, लिहिण्यासाठी आहे.

आता मुख्य मुद्दा. तुमचे लूप आठ सेकंदांचेच का? बहुतेक ॲप उघडलं की टेम्पो १२० वर असतो. चार बार म्हणजे सोळा ठोके, प्रत्येक अर्ध्या सेकंदाचा. झाले आठ. चाळीस लूपची लांबी तुम्ही ठरवलेलीच नाही, ॲपने ठरवली आणि तुम्ही मान्य केली. पुढेही तसंच होतं. लूप फिरतो, तिसऱ्या फेरीला रिकामा वाटतो, आपण एक आवाज वाढवतो. पुन्हा रिकामा वाटतो, आणखी एक. सातव्या आवाजाला जागा उरत नाही, कान विटतात, आणि आपण नवीन पॅटर्न उघडतो. मी हे वर्षभर केलंय. पडद्यावर दिसतं ते एकच आवर्तन, म्हणून आपण त्या एका आवर्तनालाच नटवत बसतो.

आपल्याकडच्या भाषेत लूप म्हणजे ठेका. भजनातला पखवाजवाला तासभर तोच ठेका धरतो आणि तरी आपण उठून जात नाही, कारण तो तोच ठेका तसाच वाजवत नाही. गायक पुढे सरकला की भरतो, ओळ संपत आली की जागा सोडतो, सम जवळ आली की उठाण घेतो. सिक्वेन्सरला यातलं फक्त धरून ठेवणं येतं, आणि ते तो माणसापेक्षा नेमकं करतो. भरणं, सोडणं, उठणं हे तुमच्याकडे आहे.

माझी पद्धत उलटी आहे. लूप भरगच्च झाला की त्याला गाण्याचा सगळ्यात चढलेला भाग समजायचं आणि तिथून मागे यायचं. १२० बीपीएमला आठ बार म्हणजे सोळा सेकंद. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे नव्वद बार, असे अकरा-एक तुकडे. भरगच्च लूप साँग व्ह्यूमध्ये (जिथे तुकडे ओळीने मांडून पूर्ण गाणं दिसतं, काही ॲपमध्ये त्याला अरेंजमेंट म्हणतात) अकरा वेळा टाका, आणि मग पुसायला लागा. पहिल्या तुकड्यात फक्त हायहॅट (झांजेची बारीक टिकटिक) आणि एखादा सूर. दुसऱ्यात किक (मोठ्या ड्रमचा धम्म आवाज) येऊ दे, पण बेस (खालच्या सुरांची ओळ) नको. तिसऱ्यात बेस. चौथ्यात सगळं, पण मुख्य धून राखून ठेवा. सहाव्या-सातव्याच्या सुमारास किक पूर्ण काढा. सोळा सेकंद किकविना काढल्यावर ती परत येते तेव्हा काय होतं ते गणपतीच्या मिरवणुकीत नाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. या सगळ्यात नवीन आवाज एकही घालायचा नाही. आवाज कमी पडतोय असं वाटलं तर तो दुसरीकडून काढा.

तुकड्यांचे सांधे मात्र हाताने करायला लागतात. दर आठव्या बारमध्ये काहीतरी मोडलं पाहिजे: शेवटच्या दोन ठोक्यांना किक गप्प, किंवा हायहॅट दुप्पट. माझा आवडता सांधा तिहाईचा. सोळा खणांत तो असा बसतो: टिंबं १, ४, ५ वर, मग ७, १०, ११ वर, मग १३, १६ वर, आणि शेवटचं पुढच्या बारच्या १ वर. तोच तीन टिंबांचा तुकडा तीनदा, तिसऱ्याचं शेवटचं टिंब समेवर. एखाद्या कोरड्या आवाजावर, लाकडी ठोक्यासारख्या, टाकून बघा. ज्याला ताल कळत नाही त्याचीही मान समेवर हलते.

ठेकाही आपला टाकता येतो. केरवा घ्या: धा गे न ति न क धि न. आठ मात्रा, म्हणजे प्रत्येक मात्रेला दोन खण. धा पहिल्या खणात, गे तिसऱ्यात, मग ५, ७, ९, ११, आणि धि १३ मध्ये, शेवटचा न १५ मध्ये. घुमणारा बायां फक्त धा, गे आणि धि ला, म्हणून किक १, ३ आणि १३ वर. क बंद बोल आहे, तिथे दबका, कापलेला आवाज. बाकी न आणि ति ला रिमसारखा, म्हणजे ड्रमच्या कडेवर मारल्यासारखा, बारीक. आता नेहमीची चौपट किक, १, ५, ९, १३ वाली, खाली तशीच ठेवा आणि हा केरवा वेगळ्या, हलक्या आवाजात तिच्यावर बसवा. सगळ्या टिंबांचा जोर सारखा ठेवू नका. व्हेलॉसिटी नावाची पट्टी त्यासाठीच असते: धा पूर्ण, ति आणि क निम्म्यावर. एवढ्याने यंत्राचा कडकपणा बराच उतरतो. उरलेला स्विंगने, म्हणजे जोडीतला दुसरा खण थोडा उशिरा वाजवून, उतरतो. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास गेलात की दादऱ्यासारखी झोल येते. ५४ ते ५८ मध्ये कुठेतरी मला थांबावंसं वाटतं, पण ते गाण्यागणिक.

दादऱ्यावरून आठवलं. कोळीगीताची ती झुलती चाल सोळा खणांत कोंबायचा प्रयत्न पुष्कळजण करतात आणि ॲपला नावं ठेवतात. पॅटर्नची लांबी बदलता येते, १२ करा. आणि ज्या ॲपमध्ये प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते तिथे तर मजाच आहे. किक १६ खणांची राहू दे, धून १४ खणांची करा, म्हणजे रूपकाच्या सात मात्रा. शाळेतला लसावि आठवा: १६ आणि १४ चा ११२. म्हणजे दोन्ही पुन्हा एकत्र समेवर येतात ते सात बारनंतर. आठ सेकंदांत संपणारी गोष्ट काहीही न वाढवता चौदा सेकंदांपर्यंत लांबली, आणि प्रत्येक बारमध्ये धून किकच्या वेगळ्या जागी पडली. तुमच्या चाळीसपैकी एखादा लूप आजच असा करून बघा.

सुरांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लूप कंटाळवाणे होण्यात त्यांचाही वाटा असतो. ॲपमध्ये स्केलची यादी असते आणि आपण सवयीने मेजर नाहीतर मायनर निवडतो. त्या यादीत आपली ओळखीची मंडळी परदेशी नावांनी बसलेली आहेत. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूपाचे सूर, डोरियन म्हणजे काफी थाट, मिक्सोलिडियन खमाज, लिडियन कल्याण, फ्रिजियन भैरवी. सूर जुळले म्हणजे राग झाला असं नाही, चलन वेगळं आणि दरबारीचा गंधार तर कुठल्याच चौकोनात मावत नाही. पण सुरुवातीला भूप बरा. पाचच सूर, कुठेही बोट पडलं तरी फारसं बिघडत नाही. सिंथ (सूर वाजवणारं यंत्र) मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल असा, करून ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) थोडा वाढवला की सुरांमधली मींड येते, फार वाढवलात की ॲम्ब्युलन्स. मुंबईत चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८, बेस वाजवणारं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथ अशी तीन रोलंड यंत्रं घेऊन राग वाजवले. त्यातल्या ३०३ मध्ये प्रत्येक खणाला वेगळी स्लाइड देता येते, आणि सिक्वेन्सरवर रागाची ओळ लिहिताना नेमकं तेच हवं असतं. शिकागोत ॲसिड हाउस या नाचाच्या संगीताने हे यंत्र गाजवलं त्याच्या आधीची ही गोष्ट. आज ३०३ ची नक्कल फोनच्या ॲपमध्येही मिळते.

आता गाडीतला घोळ. फोनच्या स्पीकरमधून अडीच-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही. किकचं पोट असतं पन्नास-साठच्या आसपास. म्हणजे फोनवर तुम्ही किक ऐकतच नव्हता, तिची फक्त टकटक ऐकत होता. ती पुरत नाही म्हणून आवाज वाढवत गेलात, आणि वाढलेलं सगळं गाडीच्या वूफरला मिळालं. बेसचं तेच. पांढरी सहाच्या पट्टीत खर्जाचा खर्ज षड्ज ५५ हर्ट्झचा पडतो, तो फोनवर म्हणजे शांतता.

उपाय तीन, आणि तिन्ही फुकट. एक, बेसवर थोडं डिस्टॉर्शन किंवा सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारे इफेक्ट) घाला. मग ५५ च्या पटीतले ११०, १६५, २२०, २७५ असे वरचे अंश तयार होतात, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर ओळखून घेतो, तो प्रत्यक्ष वाजत नसला तरी. दोन, किक आणि बेस सोडून बाकी प्रत्येक ट्रॅकला लो-कट लावून दीडशेच्या खालचं कापा. सिंथच्या आवाजात तिथे बरंच साठलेलं असतं, एकेकटं ऐकताना कळत नाही, सात जण जमले की चिखल होतो. तीन, किक आणि बेस एका खणात ठेवू नका. लॅपटॉपवाले यासाठी साइडचेन लावतात, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबतो. आपल्याला पुसता येतं. किक १, ५, ९, १३ वर असेल तर बेस ३, ७, ११, १५ वर टाका आणि त्याची लांबी पुढच्या किकआधी संपू दे. मास्टरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजाचा, काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आणि तुम्हाला आवडणारं त्याच जातीचं एखादं गाणं त्याच वायरच्या इअरफोनवर आलटूनपालटून ऐका. तुमची किक त्याच्यापेक्षा मोठी वाटली तर ती मोठीच आहे.

एकदा मोनोमध्येही, म्हणजे डावी-उजवी बाजू एक करून, ऐका. एका कार्यक्रमात माझा ट्रॅक मिक्सरला जोडताना केबलची एकच बाजू लागली. मी हौसेने सगळी धून उजवीकडे सरकवली होती. स्टेजवर नट मंद प्रकाशात भावुक उभा, आणि मागे नुसता हायहॅट टिकटिकतोय. प्रेक्षकांना तो घड्याळाचा आवाज वाटला आणि दिग्दर्शकाने नंतर मला शाबासकी दिली, हा नशिबाचा भाग. तेव्हापासून किक, बेस आणि मुख्य धून मधोमध.

४ जीबी रॅमबद्दल. सिक्वेन्सरला ती पुरते. खऱ्या वाद्यांचे मोठे सॅम्पल संच रॅम खातात, आणि रिव्हर्ब-डिलेची (घुमारा आणि प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टची) रांग प्रोसेसर खाते. पक्का झालेला ट्रॅक रेकॉर्ड केलेला ऑडिओ करून टाका, मूळ पॅटर्न वेगळ्या नावाने ठेवा. काम करताना एअरप्लेन मोड चालू, बॅटरी सेव्हर बंद, आणि चार्जिंगला लावून नको. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच हळू होतो आणि आवाज तडतडतो, मे महिन्यात लोकलमध्ये हे फार होतं. प्रोजेक्ट दर आठवड्याला फोनबाहेर कुठेतरी ठेवा. मी जागा करायला एक ॲप काढून टाकलं आणि त्याच्याबरोबर दोन वर्षांची गाणी गेली, कारण ती ॲपच्याच पोटात होती. तयार गाणं डब्ल्यूएव्हीमध्ये काढा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला १७ एमबीच्या आसपास जागा जाते, तेवढी असू दे. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला.

ॲप बदलू का, असं पुढचं वाक्य मनात असेलच. माझं उत्तर सध्या नको. घरातले आवाज, कळशीवरची थाप, लोखंडी जिन्याचा खणखणाट असं काही कापून वाजवायचं असेल तर कोआला घ्या, त्याच्यासारखं झटपट दुसरं मला सापडलं नाही. जुन्यातल्या जुन्या फोनवर खोलात शिरायचं असेल तर सनव्हॉक्स, पण त्याचं उभं वाचायचं कोष्टक अंगवळणी पडायला महिना जातो. एफएल स्टुडिओ मोबाइलचा साँग व्ह्यू चांगला. आयफोनवाल्यांकडे गॅरेजबँड फुकट आहे. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा मात्र परवानगीशिवाय वापरू नका, अपलोड केल्यावर यंत्रच तो पकडतं.

आणि लॅपटॉप. तुम्हाला गायकाचे दहा-बारा टेक घेऊन त्यातून निवडायचं असेल, व्हिडिओच्या फ्रेमला संगीत जुळवायचं असेल, किंवा तीस-चाळीस ट्रॅकचं मिक्सिंग करायचं असेल, तर लॅपटॉप लागतो. त्या कामांना मीही फोन वापरत नाही. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही. तुम्हाला ठेका, बेस, दोन सिंथ आणि तीन मिनिटं हवी आहेत. वायरचा इअरफोन आणि कनेक्टर एवढाच खर्च आत्ता करा. लॅपटॉपचे पैसे हातात असतीलच तर त्यातले थोडे पंचवीस बटणांच्या छोट्या मिडी कीबोर्डवर (पियानोसारखा, आवाज फोनचाच) घाला, फोनला थेट लागतो, आणि पडद्यावर बोट घसरण्याचा वैताग संपतो. तो घेण्याआधी तुमचा फोन ओटीजी, म्हणजे यूएसबीने जोडलेली बाहेरची वस्तू, चालवतो की नाही ते पेनड्राइव्ह लावून बघून घ्या.